माणसांचा करार, पैशांचा लवाद

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन सरकारांनी आपसांत करार करावा, पुढे एकाने तो मोडावा आणि दुसऱ्याने भरपाईसाठी लवादाकडे धाव घ्यावी, यात वरवर पाहता नवल काही नाही. व्यापारात हे रोज घडते. परंतु कराराचा विषय साखर, पोलाद किंवा कापूस नसून आश्रयाच्या शोधात घर सोडून निघालेली माणसे असतील, तर त्या लवादाचे स्वरूप काय होते? रवांडाने ब्रिटनविरुद्ध हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे नेलेल्या प्रकरणामुळे हा प्रश्न उभा राहिला आहे. तो दूरचा वाटेल. परंतु ज्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे १९४७-४८ साली पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला गेली, आणि ज्यांच्या डोक्यावरून दोन सरकारांनी एक करार करून त्यात लवादाचे कलमही घातले होते, त्या परभणी जिल्ह्याला तो दूरचा वाटण्याचे कारण नाही.

आधी हेगच्या प्रकरणाची हकीकत. लहान बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या आश्रयार्थींना आळा घालण्याचे कारण सांगून बोरिस जॉन्सन यांच्या हुजूरपक्षीय सरकारने १४ एप्रिल २०२२ रोजी किगाली येथे रवांडाशी समझोता केला. किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाचा अर्ज ब्रिटनने ऐकायचाच नाही. त्याला विमानात बसवून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर दूर आफ्रिकेत पाठवायचे. निर्णय रवांडाने करायचा, आणि अर्ज मंजूर झाला तरी त्या माणसाने राहायचे ते रवांडातच, अशी ही योजना होती. जून २०२२ मध्ये पहिले विमान उड्डाणाच्या तयारीत असताना युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे ते थांबले. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे धोरण बेकायदा ठरविले. ज्या देशातून माणूस जीव वाचवून पळाला त्याच देशात रवांडाकडून तो परत लोटला जाण्याचा खरा धोका आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. यावर ऋषी सुनक यांच्या सरकारने शोधलेला तोडगा अजब होता. त्यांनी ५ डिसेंबर २०२३ रोजी रवांडाशी रीतसर तह केला आणि 'रवांडा हा सुरक्षित देश आहे' असे ठरवून टाकणारा कायदाच एप्रिल २०२४ मध्ये पार्लमेंटकडून संमत करून घेतला. न्यायालयाने पुरावा तपासून काढलेला निष्कर्ष बहुमताने रद्द करण्याचा हा प्रकार होता. उद्या एखाद्या विधिमंडळाने मराठवाड्यात दुष्काळ पडत नाही असा कायदा केला, तर विहिरींना पाणी येईल काय? जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि पंतप्रधान कीअर स्टार्मर यांनी योजना मोडीत काढली.

आता जमाखर्च. नव्या सरकारच्या गृहमंत्री इव्हेट कूपर यांनी जुलै २०२४ मध्ये सभागृहाला सांगितले की या योजनेवर ७० कोटी पौंड खर्च झाले असून त्यांपैकी २९ कोटी पौंड रवांडाला देण्यात आले आहेत. एवढ्या खर्चात रवांडाला गेलेली माणसे चार, आणि तीही स्वेच्छेने गेलेली! रवांडाला दिलेल्या रकमेचाच भागाकार केला तरी माणशी सव्वासात कोटी पौंड होतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला तपशील याहून बोलका आहे. ठरलेल्या हप्त्यांखेरीज पाठविलेल्या प्रत्येक माणसामागे २० हजार पौंड. त्याच्या अर्जाच्या व निर्वाहाच्या खर्चापोटी पाच वर्षांत १,५०,८७४ पौंडांपर्यंत. आणि ३०० माणसे पाठवून झाली की आणखी १२ कोटी पौंड. जगात कोणी कोणाला आश्रय देताना अशी दरपत्रके तयार होत नसतात. अशी दरपत्रके माल उचलून नेण्याच्या कंत्राटाची असतात.

परभणी जिल्ह्यातील, विशेषतः गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातील, श्रोत्यांना हा व्यवहार उलगडून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी कारखान्याचा करार होतो तो वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी. 'कोयता' हे मोजण्याचे माप. एक कोयता म्हणजे एक जोडपे. कोयत्यांच्या संख्येवर उचल ठरते. मध्येच करार फिसकटला तर दिलेली उचल कोणी कोणाला परत करायची, यावर कारखाना व मुकादम यांच्यात तंटा होतो, प्रसंगी तो कोर्टातही जातो. ज्या जोडप्याच्या श्रमावर हा सारा व्यवहार उभा आहे, ते त्या तंट्यात पक्षकार नसते. फार तर ते वसुलीचे साधन असते. रवांडाच्या करारात कारखान्याच्या जागी ब्रिटन आहे, मुकादमाच्या जागी रवांडाचे सरकार आहे आणि कोयत्याच्या जागी अफगाणिस्तान, सुदान, इराणसारख्या देशांतून पळालेला माणूस आहे. फरक एवढाच की ऊसतोड कामगाराला निदान उचल घेतल्याचे ठाऊक असते.

रवांडाने लवादाची नोटीस नोव्हेंबर २०२५ मध्ये दिली आणि जानेवारी २०२६ मध्ये ती जाहीर झाली. रवांडाचे म्हणणे असे की तहाप्रमाणे एप्रिल २०२५ आणि एप्रिल २०२६ मध्ये प्रत्येकी ५ कोटी पौंडांचे दोन हप्ते देय होते. ब्रिटनने ते सोडून देण्याची विनंती नोव्हेंबर २०२४ मध्ये केली. रवांडा त्यास तयारही होता, पण तह रीतसर संपवून नव्या आर्थिक अटी ठराव्यात अशी त्याची अट होती, आणि ती बोलणी झालीच नाहीत. दुसरी तक्रार अशी की कराराच्या आर्थिक अटी ब्रिटनने परस्पर उघड केल्या. तिसरी अशी की रवांडात आधीपासून असलेल्या निर्वासितांपैकी सर्वांत असाहाय्य अशा काहींना ब्रिटनने आपल्याकडे वसवायचे होते, ते कलम ब्रिटनने पाळले नाही. करदात्यांच्या पैशाच्या रक्षणासाठी आपण ठामपणे बाजू मांडू, असे ब्रिटनचे उत्तर आहे.

डाव्या विचाराच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया रवांडाच्या बाजूने होईल, आणि ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. एका जुन्या साम्राज्यसत्तेने गरीब देशाशी सही-शिक्क्याचा तह करावा आणि आपल्या देशातील सरकार बदलताच तो कागद फेकून द्यावा, यात साम्राज्यशाहीची जुनी सवय दिसते. करार हा करार आहे; तो नैतिकदृष्ट्या वाईट होता असे ब्रिटनला उशिरा सुचले म्हणून त्याची किंमत किगालीने का सोसावी? एवढ्यापुरते रवांडाचे म्हणणे खरे आहे. परंतु दुसरीही बाजू आहे. ज्या रवांडात एक लाखाहून अधिक निर्वासित, मुख्यतः काँगो आणि बुरुंडीमधील, आधीपासून राहत आहेत, त्या देशाने निर्वासितांना सांभाळण्यासाठी जगाकडे हक्काने मदत मागण्याऐवजी श्रीमंत देशांना नकोशी झालेली माणसे भाड्याने ठेवून घेण्याचा मार्ग पत्करला. ब्रिटनशी बिनसल्यानंतरही तो मार्ग सुटला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हाकलून दिलेल्या २५० पर्यंत माणसांना घेण्यास रवांडाने संमती दिल्याचे जाहीर झाले.

तीन तक्रारींकडे पुन्हा पाहावे. पहिली हप्त्यांची, दुसरी अटी उघड केल्याची. माणूस दिसतो तो फक्त तिसरीत. किगालीच्या छावणीत वाट पाहणाऱ्या एखाद्या काँगोच्या विधवेला ब्रिटनमध्ये जागा मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, असे त्या कलमाचे तात्पर्य. पण ती विधवा हेगला उभी राहू शकत नाही. तिच्या वतीने उभे राहायचे की नाही हे रवांडा ठरविणार, आणि तिच्या न मिळालेल्या जागेची किंमत पौंडांत चुकती झाली तर ती जमा होणार रवांडाच्या खजिन्यात.

येथून परभणीकडे वळावे लागते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी परभणी जिल्हा स्वतंत्र झाला नाही. हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद सुभ्यातील तो एक जिल्हा होता; हिंगोली, कळमनुरी, बसमत हे सारे तालुके तेव्हा त्यात होते. हिंगोलीचा वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. निझामाने कोणत्याही अधिराज्यात सामील होण्यास नकार दिला. वाटाघाटींची लांबण लागली आणि अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निझाम मीर उस्मान अली खान आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड माउंटबॅटन यांच्या सह्यांनी एका वर्षाच्या मुदतीचा 'जैसे थे करार' झाला.

हा करार मुळातून वाचण्यासारखा आहे. अवघी पाच कलमे. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण यांसह समान हितसंबंधांच्या बाबतीत ब्रिटिश सत्तेशी जी व्यवस्था होती ती पुढे चालू राहील, असे पहिले कलम. त्याच कलमात अशीही तरतूद की संस्थानातील अंतर्गत सुव्यवस्था राखण्यासाठी निझामाच्या मदतीला फौज पाठविण्याचे बंधन हिंद सरकारवर राहणार नाही, आणि युद्धकाळ वगळता संस्थानात फौज ठेवताही येणार नाही. दुसऱ्या कलमाने दोन्ही राजधान्यांत एकमेकांचे प्रतिनिधी नेमायचे होते. त्याप्रमाणे कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला गेले. तिसरे कलम सार्वभौम सत्तेचे अधिकार हिंद सरकार वापरणार नाही असे सांगणारे. चौथे कलम लवादाचे. करारातून उद्भवणारा तंटा दोन पंचांकडे जावा, एकेक पंच प्रत्येक बाजूने नेमावा आणि त्या दोघांनी मिळून तिसरा मुख्य पंच निवडावा. पाचवे कलम मुदतीचे. टपाल, रेल्वे, फौजा, प्रतिनिधी यांचा विचार या पाच कलमांत आहे. संस्थानातील एक कोटी साठ लाखांहून अधिक प्रजेचा उल्लेख नाही. जबाबदार राज्यपद्धतीबद्दल एक शब्द नाही. रझाकारांनी गाव जाळले तर त्या गावाने कोणाकडे पाहायचे, याचे उत्तर नाही. उलट, अंतर्गत सुव्यवस्था ही ज्याची त्याची बाब आहे असेच दोन्ही सह्यांनी मान्य केले होते.

आणि रझाकारांनी गावे जाळलीच. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रे गेल्यापासून रझाकार दलाला ऊत आला होता. जिंतूरकडची माणसे लोणार-मेहकरच्या बाजूला, हिंगोलीची वाशीमकडे, कळमनुरीची पैनगंगा ओलांडून उमरखेड-पुसदकडे निघाली. दाणागोटा, गुरे, आणि जे उचलता येईल ते घेऊन ती गेली. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी होत्या, भाषा एक होती, म्हणून त्यांना तेथे घर मिळाले. उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र प्रतिकाराचे केंद्रही उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटण्यात आली ती तेथून आखलेल्या मोहिमेत. निझामाचे करोडगिरी नाके जाळले गेले ते सरहद्दीवरच्या अशाच केंद्रांतून.

यात एक कायदेशीर विनोदही दडलेला आहे. ज्या वऱ्हाडात हे लोक निझामापासून पळून गेले, ते वऱ्हाड कागदोपत्री निझामाचेच होते! १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिलेले. १९३६ च्या करारात त्यावरील निझामाचे सार्वभौमत्व इंग्रजांनी पुन्हा मान्य केलेले आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळालेला. म्हणजे निझामाची प्रजा निझामाच्याच नाममात्र भूमीवर निर्वासित झाली. कागदावरचे सार्वभौमत्व आणि माणसाचा जीव यांचा एकमेकांशी किती संबंध असतो, हे यावरून दिसावे.

या अवस्थेत दोन्ही सरकारे एकमेकांवर करारभंगाचे आरोप करीत होती. हिंद सरकारचे म्हणणे होते की हैदराबादने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली, कलदार रुपयाचे चलन बंद केले आणि पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज हिंद सरकारच्याच रोख्यांच्या रूपाने देऊ केले. हैदराबादचे म्हणणे होते की हिंद सरकारने आर्थिक कोंडी केली आणि सरहद्दीवरून हल्ले होऊ दिले. पंतप्रधान मीर लायक अली यांनी चौथ्या कलमाचा आधार घेऊन लवादाची मागणी केली. हिंद सरकारने ती मानली नाही.

या नकाराचे समर्थन करण्याची मराठवाड्यात प्रथा आहे आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही प्रश्न सरळ विचारला पाहिजे. सही केलेल्या करारात लवादाचे कलम असताना तो नाकारणे कायद्याने कितपत बसते? काटेकोर अर्थाने निझामाच्या मागणीला आधार होता, हे नाकारता येणार नाही. परंतु समजा लवाद झाला असता. तीन विद्वान पंच बसले असते. त्यांनी कशाचा निवाडा केला असता? कलदारबंदीचा वटहुकूम पहिल्या कलमाशी विसंगत आहे की नाही. रोखे कोणाच्या मालकीचे. मालगाड्या अडविणे हा करारभंग ठरतो की नाही. उमरखेडला पोहोचलेल्या कुटुंबाचा प्रश्न त्यांच्यापुढे येऊच शकला नसता, कारण तो करारातच नव्हता. पंच करारात आहे तेवढेच वाचतात. जनतेने निझामशाही संपविण्यासाठी लढा द्यावा हे योग्यच होते आणि तो तंटा तीन पंचांच्या हाती न देणेही राजकीयदृष्ट्या योग्यच होते. खटकते ते एवढेच की दिल्लीने निझामाशी करार करताना ज्यांना वगळले, त्यांचेच नाव पुढे कारवाईच्या समर्थनासाठी वापरले.

हैदराबादने मग २१ ऑगस्ट १९४८ रोजी युनोच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली. समितीची बैठक पॅरिसला १६ सप्टेंबरला झाली, तेव्हा हिंदी फौजा संस्थानात शिरून तीन दिवस लोटले होते. हैदराबादच्या वतीने मोईन नवाज जंग बोलले. हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने राज्यच नव्हे, सबब समितीला यात अधिकार नाही, असे हिंदुस्थानच्या वतीने रामस्वामी मुदलियार यांनी सांगितले. १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली आणि २२ तारखेला तक्रार मागे घेतली.

प्रकरण येथे संपले असे मराठवाड्यातील पाठ्यपुस्तके सांगतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते येथून सुरू होते. तेच मोईन नवाज जंग संस्थानाचे अर्थमंत्री होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत हैदराबाद सरकारच्या नावाने असलेले १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग त्याच सप्टेंबरात पाकिस्तानचे लंडनमधील उच्चायुक्त हबीब इब्राहीम रहिमतुल्ला यांच्या खात्यावर वळविण्यात आले. निझामाने आठवड्याभरात पैसे परत मागितले. बँकेने रक्कम अडकवून ठेवली. १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पाकिस्तान हे सार्वभौम राज्य असल्याने त्याच्यावर दावा चालत नाही असे ठरविले. मग अर्धशतकाहून अधिक काळ ती रक्कम व्याजाने वाढत पडली. २०१३ साली पाकिस्ताननेच दावा लावून आपले संरक्षण सोडले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसा सातव्या निझामाचा आहे, सबब तो त्याच्या वारसांना व भारत सरकारला मिळावा. तोवर मूळ दहा लाखांचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. सरकारच्या नावावरच्या त्या खात्यात परभणीच्या कापसाचा आणि ज्वारीचा सारा किती होता याचा हिशेब कोणी मांडला नाही. पण त्या ९ शिलिंगांचा हिशेब ७१ वर्षे टिकला, त्यासाठी न्यायमूर्ती बसले, मोठमोठे कायदेपंडित उभे राहिले.

पैनगंगा ओलांडून गेलेल्यांचे मोडलेले घर, राहिलेली पेरणी, हरवलेली गुरे यांसाठी कोणते न्यायालय बसले? आणि हा प्रश्न एकाच दिशेने विचारून चालणार नाही. पोलीस कारवाईनंतर वाहत्या लोंढ्याची दिशा उलटली. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून मुसलमान कुटुंबे जीव घेऊन हैदराबाद शहराकडे पळाली. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली भारत सरकारने पाठविलेल्या सद्भावना मंडळाने १९४८ च्या अखेरीस फिरून अहवाल दिला. त्याने संस्थानातील मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाल्याचे नमूद केले. तो अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला. रझाकारांच्या अत्याचारांची यादी तोंडपाठ असलेल्या पिढ्यांना दुसरी यादी असल्याचे सांगितलेच गेले नाही. दोन्ही याद्यांतील माणसे एकाच करारातून वगळली गेली होती, हे समाजवादी पक्षाच्या व्यासपीठावरून तरी स्पष्टपणे बोलले पाहिजे.

सरकारांमधील प्रत्येक व्यवहार असाच असतो असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिचा खर्च सोसत होते लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार. म्हणजे एका सरकारने आपली माणसे जगावीत म्हणून पैसा मोजला. ब्रिटनने रवांडाला पैसा मोजला तो माणसे आपल्या दारातून जावीत म्हणून. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात तर निर्वासिताचा स्वतःचा हक्क लिहिला होता. १९५० च्या अखेरपर्यंत जो परतेल त्याला त्याचे घर व जमीन परत मिळावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. अंमलबजावणी कशी झाली हा भाग वेगळा. पण निर्वासित त्या कागदावर माणूस म्हणून आला होता. लवादातूनही माणसापर्यंत काही पोहोचू शकते. केरळच्या किनाऱ्याजवळ २०१२ साली इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले, ते प्रकरण याच हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या देखरेखीखाली चालले. २०२० च्या निवाड्यात भारताला भरपाईचा हक्क मिळाला. नौसैनिकांवर खटला चालविण्याचा अधिकार मात्र भारताला नाकारला गेला. इटलीने दिलेल्या १० कोटी रुपयांतून दोन्ही कुटुंबांना प्रत्येकी ४ कोटी मिळाले, तेही भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वाटणीवर लक्ष ठेवले म्हणून.

तेव्हा हेगच्या निकालाकडे पाहताना रवांडाला १० कोटी पौंड मिळतात की नाहीत एवढ्यावर नजर ठेवून भागणार नाही. आणि ब्रिटनला नावे ठेवताना स्वतःच्या घराकडेही पाहायला हवे. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ ची पुरवणी यांवर भारताची सही नाही. देशात निर्वासितांचा कायदा नाही. १९४६ चा परदेशी व्यक्ती कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व परदेशी व्यक्तींविषयीचा नवा कायदा लागू झाला. 'निर्वासित' ही स्वतंत्र वर्गवारी त्यातही नाही. माणूस एक तर नागरिक, नाही तर परदेशी. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन देशांतील सहा धर्मांच्या लोकांसाठी दार किलकिले केले आणि म्यानमारचा रोहिंग्या, श्रीलंकेचा तमिळ यांना बाहेर ठेवले. काही गटांना सवलत मिळते, पण ती सरकारी आदेशाने. गोंदिया जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून शेती करून राहणारे तिबेटी आजही हक्कावर नव्हे, सरकारच्या मर्जीवर राहतात. आदेशाने दिलेले आदेशाने काढूनही घेता येते.

२०१५ साली शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयाविषयीचे खासगी विधेयक मांडले होते. ते कायदा झाले नाही. महाराष्ट्रातील खासदारांना तसे विधेयक पुन्हा मांडण्यास भाग पाडणे हे पक्षाच्या जिल्हा शाखांना करता येण्याजोगे काम आहे. त्यात दोन गोष्टींचा आग्रह असावा. जिवाच्या भीतीने आलेल्या माणसाला, धर्म न विचारता, त्या भीतीच्या जागी परत लोटता येऊ नये. आणि माणसांच्या स्थलांतराविषयी भारताने कोणत्याही देशाशी कोणताही करार केला, तर त्यातील लवादाच्या कलमात ज्यांच्याविषयी करार झाला त्यांना स्वतः पंचांपुढे उभे राहण्याचा अधिकार लिहिलेला असावा. १९४७ च्या चौथ्या कलमात पैनगंगेच्या काठावरच्या कुटुंबासाठी जो लिहिला गेला नाही, आणि रवांडाच्या तहातही किगालीच्या छावणीतील विधवेसाठी जो नाही.